जादा वाय गुणसूत्र आणि आगीचा गुन्हा: सोळा वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगा १६ वर्षांचा, उंची १८८ सेंटिमीटर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; इथे त्याला 'क' म्हटलं आहे. शाळा सुटल्यावर खेळाच्या साहित्याच्या खोलीत आग लागली. विझवायला धावलेल्या रखवालदाराचे दोन्ही हात भाजले. क दारापाशीच उभा होता. खिशात लायटर, शर्टाची उजवी बाही करपलेली. त्याच रात्री त्याचा जबाब घेतला गेला आणि आग लावणं व इजा करणं असे दोन आरोप ठेवले गेले.

आधीची एकही पोलिसनोंद नव्हती. शाळेच्या नोंदी मात्र भरपूर होत्या: वर्गात उठून फिरणं, दुसऱ्याचं बोलणं तोडणं, चिडवलं की धक्काबुक्की, अपुरा गृहपाठ. आईने जपून ठेवलेल्या कागदांवरून त्याआधीचं कळलं. सुटे शब्द दोन वर्षं उलटल्यावर आले, वाक्यं चौथ्या वर्षी. पाचव्या वर्षी स्पीच थेरपी सुरू झाली आणि 'आता बोलतोय की' म्हणून सहा महिन्यांत थांबली. शर्टाची बटणं आणि बुटाच्या नाड्या आठव्या वर्षापर्यंत जमत नव्हत्या. दहाव्या वर्षानंतर उंची झपाट्याने वाढली आणि तिथून त्याच्या वाट्याला एकच वाक्य येत राहिलं: 'एवढा घोडा झालास, तरी कळत नाही?'

हे वाक्य वैद्यकीय नोंदीत बसत नाही, पण प्रकरण समजायला ते लागतं. मुलाला त्याच्या उंचीच्या वयाचं धरलं जातं. बारा वर्षांच्या मुलाकडून सोळा वर्षांची समज मागितली जाते, आणि भाषेची समज नऊ वर्षांची असेल तर ही दरी सात वर्षांची होते.

अडचण

न्यायालयाने मनोविकारतज्ज्ञांच्या पथकाकडे दोन प्रश्न पाठवले. कृत्याच्या वेळी मुलाला आपण काय करतो आहोत हे कळत होतं का? आणि पुढे त्याच्यापासून धोका किती?

पहिल्या भेटीत उंची, उशिरा आलेलं बोलणं, हातांचं बारीक कापणं आणि स्नायूंचा सैलपणा एकत्र पाहून गुणसूत्र तपासणीचा विचार पुढे आला. बचाव पक्षाच्या वकिलांनी तो उचलून धरला. मुलग्यात एरवी एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं; अशा प्रकरणांत दुसरं, जादा वाय निघालं तर गुन्ह्याची जबाबदारी कमी होते, असं त्यांच्या वाचनात होतं. खरी अडचण तिथे सुरू झाली. तपासणी वैद्यकीय कारणासाठी रास्त होती आणि न्यायालयीन कारणासाठी जवळपास निरुपयोगी, पण रक्ताची नळी एकच असते.

पहिला निर्णय: तपासणी करायची का, कुणासाठी

पर्याय तीन होते. तपासणी न करणं. न्यायालयाच्या फाइलचा भाग म्हणून करणं. किंवा मुलाच्या उपचारासाठी, वेगळ्या फाइलमध्ये करणं.

न करण्याच्या बाजूचा मुद्दा कमकुवत नव्हता. निदान कोणतंही निघालं तरी भाषेचे आणि एकाग्रतेचे उपचार तेच राहणार होते, आणि शिक्का मात्र कायमचा बसणार होता. करण्याच्या बाजूने असं की ४७,एक्सएक्सवाय, म्हणजे ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं आणि त्यात एक जादा एक्स, निघालं असतं तर टेस्टोस्टेरॉनचा आणि अपत्यक्षमतेचा प्रश्न वेळेवर हाताळावा लागला असता. उंच, बोलायला उशीर झालेल्या मुलात जादा एक्स आणि जादा वाय या दोन्ही शक्यता धराव्या लागतात.

पथकाने तिसरा पर्याय घेतला. पालकांची लेखी संमती आणि क ची स्वतःची तोंडी संमती घेतली. निकाल आधी कुटुंबाला कळेल आणि न्यायालयात किती जाईल ते नंतर ठरेल, असं लिहून दिलं.

इथे दोन चुका झाल्या. पहिली साधी. रक्त जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या नळीत घेतलं गेलं. गुणसूत्रं पाहायची तर पांढऱ्या पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे पेशी नीट वाढत नाहीत. म्हणून सोडियम हेपरिनची, हिरव्या झाकणाची नळी लागते. प्रयोगशाळेने नमुना परत केला, सहा दिवस गेले आणि मुलाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली.

दुसरी चूक महागात पडली. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर 'तपासणीचं कारण' या रकान्यात शिकाऊ डॉक्टरने लिहिलं: 'आगीचा गुन्हा, आक्रमक वर्तन'. तिथे 'भाषाविकासात विलंब, जादा उंची' एवढंच हवं होतं. प्रयोगशाळा तो रकाना अहवालाच्या माथ्यावर जसाच्या तसा छापते. मग खाली ४७,एक्सवायवाय, म्हणजे जादा वाय, आलं, आणि वर गुन्हा, खाली गुणसूत्र असा कागद तयार झाला. वाचणाऱ्याने मधली रेघ आपणहून जोडली.

निकालात काय होतं

दुसरा नमुना ३ मिलिलीटर. फायटोहिमॅग्लुटिनिन घालून पेशींना विभाजनाला लावलं जातं, ३७ अंशांवर साधारण ७२ तास ठेवलं जातं, कोल्सेमिडने विभाजन मधेच थांबवलं जातं, मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवून काचपट्टीवर पसरवल्या जातात. ट्रिप्सिन आणि गिम्सा रंगाने पट्टे उमटतात. वीस पेशी मोजल्या आणि वीसच्या वीस पेशींत एक एक्स, दोन वाय निघाले. काही पेशी ४६ आणि काही ४७ असं मिश्रण दिसलं असतं तर आणखी पेशी मोजाव्या लागल्या असत्या.

हा प्रकार दुर्मीळ नाही. साधारण हजार मुलग्यांत एक असा जन्मतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. चेहऱ्यात वेगळेपणा नसतो, वयात येणं वेळेवर होतं, टेस्टोस्टेरॉन सहसा नेहमीसारखं असतं, मुलंबाळं होतात. जादा वाय वडिलांकडून येतं. शुक्रपेशी बनताना दुसऱ्या विभाजनात वायचे दोन अर्धे वेगळे होत नाहीत. क्वचित गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या विभाजनांत तसं घडतं. वडिलांच्या वयाशी, सवयींशी किंवा स्वभावाशी याचा संबंध नाही. क चे वडील पहिल्या बैठकीत एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होते, म्हणून त्यांना हे कागदावर आकृती काढून दोनदा सांगावं लागलं.

आता मेंदू. एक्स आणि वाय यांच्या टोकांशी काही सामाईक जनुकं असतात. जादा वायमुळे त्यांच्या दोनाऐवजी तीन प्रती होतात. त्यातल्या शॉक्स या जनुकामुळे उंची वाढते. मेंदूवर नेमकी कुठली जनुकं काम करतात हे अजून उलगडलेलं नाही. वायवरचं एनएलजीएन४वाय हे पेशींच्या जोडणीशी संबंधित जनुक संशयितांपैकी एक आहे. गटाच्या पातळीवर एमआरआयमध्ये एक्सवायवाय मुलांच्या मेंदूचं आकारमान सरासरीपेक्षा थोडं जास्त दिसतं, एक्सएक्सवाय मुलांचं थोडं कमी. बुद्ध्यंक भावंडांपेक्षा काही गुणांनी खाली, पण बहुतेकांचा सर्वसाधारण टप्प्यात. भाषेच्या अडचणी, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) आणि स्वमग्नतेची लक्षणं सर्वसाधारण मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक.

क च्या चाचण्या या चित्राशी जुळल्या. शब्दांवर आधारलेला बुद्ध्यंक ७८, आकृत्यांवर आधारलेला ९९. ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणायला सांगितले तर तीनपर्यंतच मजल. एडीएचडीचे निकष पूर्ण. वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणून दाखवायच्या चाचणीत नऊ शब्दांच्या पुढे पोटवाक्यं गळायला लागली. शेवटचा भाग तो बरोबर म्हणायचा, सुरुवात आणि मधला 'जर' किंवा 'नाहीतर' हरवायचा. एमआरआय निर्दोष होता.

दुसरा निर्णय: न्यायालयात हे कसं मांडायचं

बचाव पक्षाला हवं होतं: जादा वाय, म्हणून आवेगावर ताबा नाही, म्हणून जबाबदारी नाही. पथकाने नकार दिला, आणि वकिलांना त्याची कारणं एका पूर्ण बैठकीत समजावून सांगितली.

या कल्पनेची सुरुवात १९६५ मध्ये झाली. पॅट्रिशिया जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या कारस्टेअर्सच्या सुरक्षा रुग्णालयात, म्हणजे धोकादायक मानलेल्या मनोरुग्णांना बंद ठेवण्याच्या जागी, १९७ पुरुषांची गुणसूत्रं पाहिली. सात जण एक्सवायवाय निघाले. हजारात एक अपेक्षित असताना शंभरात साडेतीन. आकडा धक्कादायक होता, पण तो बंद दाराआडच्या माणसांचा होता. दाराबाहेर किती एक्सवायवाय पुरुष नोकरी-संसार करत होते हे त्यातून कळत नव्हतं. १९६६ मध्ये शिकागोत आठ परिचर्या विद्यार्थिनींचा खून करणारा रिचर्ड स्पेक एक्सवायवाय असल्याची बातमी १९६८ मध्ये पसरली. त्याची गुणसूत्रं तपासली तेव्हा ती साधी ४६,एक्सवाय होती. दुरुस्ती फारशी कुणी वाचली नाही. पाठ्यपुस्तकांत चूक बरीच वर्षं राहिली.

प्रश्न उलट्या बाजूने विचारणारा अभ्यास १९७६ मध्ये आला. हर्मन विटकिन आणि सहकाऱ्यांनी कोपनहेगनमध्ये १९४४ ते १९४७ दरम्यान जन्मलेल्या उंच पुरुषांपैकी ४,१३९ जणांची तपासणी केली. बारा एक्सवायवाय आणि सोळा एक्सएक्सवाय सापडले. बारांपैकी पाच जणांना कधी ना कधी शिक्षा झाली होती, म्हणजे ४१.७ टक्के. साध्या एक्सवाय पुरुषांत हे प्रमाण ९.३ टक्के. फरक मोठा दिसतो. पण गुन्हे बहुतेक चोरीसारखे होते. दुसऱ्या माणसावर हिंसा केल्याचं बारांत एकच प्रकरण. बुद्धिमापनातले गुण आणि शिक्षण विचारात घेतल्यावर फरकाचा बराच भाग त्यातूनच उलगडत होता. डेन्मार्कमध्येच २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, १६१ एक्सवायवाय पुरुषांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासातही शिक्षांचं प्रमाण वाढलेलं होतं, आणि शिक्षण-नोकरी-कुटुंब यांचा हिशेब केल्यावर एकूण फरक जवळपास विरला.

वकिलांना पटलं ते दुसऱ्या कारणाने. 'वायमुळे झालं' हे वाक्य न्यायालयात दोन्हीकडून कापतं. गुणसूत्र बदलता येत नाही. गुन्हा गुणसूत्रातून आला असं एकदा मान्य केलं की सरकारी वकील पुढचं वाक्य बोलणारच: मग हा मुलगा कायमचा धोका आहे. शिवाय १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यायालयांनी असा बचाव फेटाळला तो याच मुद्द्यावर की जादा वाय आणि विशिष्ट कृत्य यांच्यातला दुवा दाखवता येत नाही.

मेंदूची प्रतिमा दाखवायची सूचनाही आली. ती सोडली. शंभर मुलांच्या सरासरीतला दोन-चार टक्क्यांचा फरक एका मुलाच्या चित्रात वाचता येत नाही, आणि क चं चित्र तर निर्दोष होतं. रंगीत मेंदू पाहून न्यायालय प्रभावित झालं असतं, पण चुकीच्या कारणाने.

जबाबातलं पान

मग गुणसूत्राचा या खटल्याशी काही संबंध होता का? होता, पण कुणी शोधत नव्हतं तिथे.

स्पीच थेरपिस्टने जबाबाची ध्वनिफीत मागवली आणि प्रत्येक प्रश्नाचे शब्द मोजले. ४२ प्रश्नांपैकी बहुतेक पंधरा शब्दांच्या वरचे. क ने ३१ प्रश्नांना फक्त 'हो' म्हटलं होतं. आरोपाचा सगळा भार ज्यावर होता तो प्रश्न असा: 'म्हणजे आत कुणी असेल-नसेल याची पर्वा न करता, आग पसरावी आणि नुकसान व्हावं याच उद्देशाने तू ती जाळी पेटवलीस, असंच ना?' उत्तर: 'हो.'

तोच प्रश्न थेरपिस्टने त्याला पुन्हा वाचून दाखवला आणि त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगितलं. तो म्हणाला, 'मी जाळी पेटवली का, असं विचारलंय.' बाकीचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

प्रश्नाचे तुकडे केले तेव्हा वेगळा क्रम पुढे आला. वर्गातल्या दोघांनी त्याचं दप्तर त्या खोलीत लपवलं होतं. ते व्हॉलीबॉलच्या जाळीत गुंडाळलेलं सापडलं. रागाने त्याने जाळीच्या कडेला लायटर लावला. जाळी नायलॉनची, ती वितळून थेंब खाली फोमच्या गाद्यांवर पडले. फोम पेटला की खोली मिनिटांत धुराने भरते. त्याने शर्ट काढून आपटायचा प्रयत्न केला, म्हणून बाही करपली. करपलेल्या बाहीची नोंद जप्तीच्या कागदात पहिल्या दिवसापासून होती. ती आग लावताना करपली असं गृहीत धरलं गेलं होतं.

पथकाने घटनेची मिनिटवार मांडणी केली आणि पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं: जाळी पेटवणं चुकीचं आहे हे त्याला कळत होतं, वेडेपणाचा बचाव लागू होत नाही. बचाव पक्षाला हे आवडलं नाही. अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'एक्सवायवाय असल्यामुळे त्याचा आवेगावर ताबा कमी आहे.' ते खोडून लिहिलं: 'त्याला एडीएचडी आहे आणि लांब वाक्यं समजण्यात मोठी अडचण आहे, दोन्ही चाचण्यांत थेट दिसतात. जादा वाय असलेल्या मुलांत या अडचणी अधिक आढळतात. या कृत्याचं कारण म्हणून गुणसूत्राकडे बोट दाखवता येत नाही.' पहिलं वाक्य वाचकाला गुणसूत्रापाशी थांबवतं, दुसरं त्याला जबाबाच्या पानावर नेतं.

काय केलं, काय झालं

न्यायालयाने जाळी पेटवल्याची कबुली ग्राह्य धरली आणि हेतूविषयीची 'हो' उत्तरं बाजूला ठेवली. कोठडीऐवजी दोन वर्षांची देखरेख, आणि उपचार ही त्यातली अट.

स्पीच थेरपी आठवड्याला दोनदा, ४५ मिनिटं. पहिले तीन महिने एकाच कौशल्यावर भर: 'कळलं नाही, पुन्हा सांगा' हे म्हणायला शिकणं. ऐकायला सोपं वाटतं, पण सोळा वर्षं 'हो' म्हणून सुटका करून घेतलेल्या मुलाला ते फार अवघड जातं. एडीएचडीसाठी दीर्घकाळ चालणारं मेथिलफेनिडेट १८ मिलिग्रॅमपासून, नंतर ३६. नाडी, रक्तदाब, वजन आणि झोप यांची नोंद सुरुवातीला दर आठवड्याला. शाळेला एक पानी सूचना दिली: एका वेळी एकच सूचना, दहा शब्दांच्या आत, फळ्यावर लिहूनही.

निदान क ला सांगण्यात उशीर झाला. पालकांना आधी सांगितलं, त्यांनी 'परीक्षा झाल्यावर बघू' म्हटलं, आणि मधल्या काळात त्याने ते सुनावणीत वकिलांच्या तोंडून ऐकलं. नंतर बैठक घेतली तेव्हा त्याने विचारलं, 'म्हणजे मी पुन्हा करणार?' हा प्रश्न त्याने तीन आठवडे मनात ठेवला होता.

पाचव्या महिन्यात त्याने वर्गातल्या एकाला ढकललं, त्याचं कोपर खरचटलं. शाळेने त्याला काढून टाकायचं पत्र दिलं, आणि त्यात 'गुणसूत्रातील दोषामुळे हिंसक प्रवृत्ती' असे शब्द होते. प्रयोगशाळेचा तो कागद, गुन्ह्याचा उल्लेख माथ्यावर असलेला, न्यायालयीन कागदांच्या गठ्ठ्यातून शाळेपर्यंत पोचला होता. पत्र मागे घ्यायला सात आठवडे आणि दोन बैठका लागल्या. तेवढा काळ तो घरी बसला आणि थेरपीही दोनदाच झाली. अठरा महिन्यांच्या शेवटी नवा गुन्हा नव्हता, गैरहजेरी निम्म्यावर आली होती, लेखी परीक्षेतले गुण मात्र जवळपास होते तिथेच. गणितात तो उत्तीर्ण झाला.

काय वेगळं करता आलं असतं

भाषेची चाचणी पहिल्या आठवड्यात आणि गुणसूत्राची नंतर असा क्रम असता, तर जबाबाचा मुद्दा अडीच महिने आधी पुढे आला असता. पथक गुणसूत्राच्या मागे लागलं, कारण तेच रंजक होतं. वाक्य म्हणून दाखवायच्या चाचणीला वीस मिनिटं लागतात आणि रक्त लागत नाही.

प्रयोगशाळेच्या फॉर्मवरचा कारणाचा रकाना आता वरिष्ठ डॉक्टर सही करण्याआधी स्वतः वाचतात आणि त्यात फक्त वैद्यकीय लक्षणं जातात. न्यायालयाला गुणसूत्राचा मूळ अहवाल न देता त्याचा दोन ओळींचा सारांश देता आला असता. न्यायालयाने मूळ कागद मागितलाच नव्हता, तो सवयीने जोडला गेला.

निदान मुलाला सुनावणीआधी सांगायला हवं होतं, पालकांची परीक्षेची अडचण धरूनही. पुढच्या वेळी संमतीपत्रातच 'मुलाला कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत सांगेल' अशी ओळ घालायची असं ठरलं.

एका मुद्द्यावर पथकात अजून एकमत नाही. काहींच्या मते गुणसूत्र तपासणी खटला संपल्यावरच करायला हवी होती. इतरांचं म्हणणं, एक्सएक्सवाय निघालं असतं तर उशीर परवडला नसता. पाचव्या वर्षी थांबलेल्या स्पीच थेरपीबद्दल मात्र वाद नाही. तेव्हाच्या शेवटच्या पानावर थेरपिस्टने लिहिलं होतं: 'बोलणं सुधारलं. ऐकून समजणं तपासलेलं नाही.'